एक पायली चारोळी

देवाणघेवाण म्हणजे काय, हे गडचिरोलीला कोणी शिकवायला येऊ नये. आठवडी बाजारात मीठ घ्यायचं आणि चारोळी द्यायची, मापाला माप, असा व्यवहार या जंगलात कैक वर्षं चालला. शहरात चारोळीला काय भाव आहे हे देणाऱ्याला ठाऊक नसायचं, घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असायचं. त्या फरकावरच व्यापाऱ्याची माडी उभी राहायची.

आता नवा बाजार भरतोय. त्याचं नाव आंतरराष्ट्रीय शालेय विनिमय. आपली पोरं पडद्यावरून परदेशी पोरांशी बोलतील, एआय शिकतील आणि वर त्यांचं 'समावेशन' होईल. केंद्राच्या शिक्षण खात्याने तर ऑक्टोबर २०२५ मध्येच सांगून टाकलं की २०२६-२७ पासून एआय तिसरीपासून. बरं. भामरागडच्या तिसरीतल्या पोराची घरची बोली माडिया, पुस्तकाची मराठी, आल्यागेल्या साहेबाची हिंदी. त्यात इंग्रजीतून विचार करणारं एक यंत्र वाढलं तर वाढलं. पाव्हण्यांची त्याला सवय आहे.

चंद्रपूरकडे एआय आधीच पोचलंय म्हणा. ताडोब्याला लागून असलेल्या सीतारामपेठेत २०२३ मध्ये कॅमेरे बसले. वाघ गावाकडे वळला की यंत्र त्याला ओळखतं आणि गावाला इशारा जातो. चांगली सोय आहे, जिवाचा प्रश्न आहे, इथे थट्टा नाही. फक्त क्रम बघून ठेवा. यंत्राला वाघ ओळखता आला २०२३ मध्ये. 'आदि वाणी' हे सरकारी भाषांतर-ॲप आलं सप्टेंबर २०२५ मध्ये, संताली, भिली, मुंडारी आणि गोंडीसाठी, तेही चाचणीच्या अवस्थेत. गोंडी मंडल्याची, बस्तरची की एटापल्लीची, हे ज्याचं त्याने वापरून बघावं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर निघाले, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला अजून जागा झालेली नाही.

आणि शाळेत? धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली, गोटुलाच्या परंपरेतली. २०२२ मध्ये तिला नोटीस आली : शाळा अनधिकृत. शिक्षण हक्क कायद्यात अशा शाळेला १ लाखापर्यंत दंड, आणि तरी चालू ठेवली तर दिवसाला १० हजार. ग्रामसभेला हायकोर्टाची पायरी चढावी लागली. म्हणजे फोन गोंडी बोलला तर नवोन्मेष, मास्तर बोलला तर दंड.

विनिमय आपल्याला जमत नाही असं मात्र नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराक-इराण अशा हाडवैऱ्यांची पोरं एकमेकांशी बोलती केली. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटून टाकली. पुढे २०२२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी अमेरिकेला जायचं म्हणून त्यांनी रजा मागितली, तर फाईल अडली. शेवटी शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं. वाघा सीमा ओलांडता येते हो, आवक-जावकचं टेबल ओलांडायला मंत्री लागतो.

आमच्याकडेही मास्तरांची वानवा नाही. एटापल्ली तालुक्यातल्या जाजावंडीचे मांतय्या बेडके यांना २०२४ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच तालुक्यातल्या गर्देवाड्याला स्वातंत्र्यानंतरची पहिली एसटी मिळाली १ जानेवारी २०२५ ला. परदेशी पाव्हण्यांनी वेळापत्रक बघून यावं.

आले, तर पहिला तास आमच्या पोरांनी घ्यावा. विषय : यंत्राला काय येत नाही. आई पहाटे मोह वेचायला गेली, याचं भाषांतर करून दाखव म्हणावं. यंत्राने त्या बिचारीला षड्रिपूंच्या यादीत नेऊन बसवलं तर नवल नाही. मामा तलाव कोणाच्या मामाचा? (माजी मालगुजारीचं ते लघुरूप, हे न कळणारे पुण्यातही पुष्कळ निघतील, पण ते ठामपणे चुकीचं उत्तर देत नाहीत. काही देतात.) एक पायली चारोळी म्हणजे किती? चारोळीला चार ओळी असतात, पायलीचा संबंध काय, असं उत्तर आलं की वर्ग जो हसेल, ते एआयचं खरं शिक्षण. पाठ्यपुस्तक छापायचा खर्चही वाचतो.

आणि जोडीला शाळा निवडायची तर झगमगाटातली नको. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला काइताइया नावाचं गाव आहे, तिथली निवडावी. कारण तिथलं 'ते हिकू मीडिया' हे माओरी लोकांचं रेडिओ केंद्र. यंत्राला माओरी कळावी म्हणून त्यांनी २०१८ मध्ये लोकांना वाचून दाखवायला सांगितलं. दहा दिवसांत ३०० तासांवर आवाज गोळा झाला. मोठ्या कंपन्यांना तो हवाच होता. माओरींनी दिला नाही. आमचा आवाज आम्हीच राखू म्हणाले, आणि कोणी तो कशासाठी वापरायचा याचा परवानाही स्वतःच लिहून काढला.

हे धानोरा तालुक्यात चटकन समजेल. तिथल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, वनखात्याच्याच हातात. एप्रिल २०११ मध्ये खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, मुख्यमंत्र्यांसह, आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झालं. तोवर कायद्याच्या लेखी बांबू गावाचा आणि व्यवहारात खात्याचा, असं चाललं होतं.

तर समजा, विनिमयाची पडद्यावरची सभा भरलीय. पाव्हणे खूष आहेत. तुमची गाणी ऐकवा, गोष्टी सांगा, आम्ही सगळं रेकॉर्ड करून यंत्राला शिकवतो, म्हणताहेत. पोरं लाजताहेत, गुरुजी पुढे ढकलताहेत. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक पोरगी उठते आणि नाक्यावरचा गार्ड ट्रकवाल्याला विचारतो त्याच आवाजात विचारते,

"टीपी आहे का जी?"