कापूर, कॉफी आणि डिकीतलं सुकट

पावसाळ्यात गाडीला कुबट वास सुटला की घरोघरचे वैद्य जागे होतात. आजी वाळ्याची जुडी देते, काकू कापराच्या वड्या, मेव्हणा वाटीभर कॉफी पूड आणि सोसायटीतले निवृत्त काका लवंगा टोचलेलं लिंबू. गाडी सुगंधी होते खरी. फक्त आत बसल्यावर आपण आरतीला आलोय, कॅफेत की मटणाच्या वाटणात, ते कळत नाही.

दरम्यान सीटखाली सांडलेलं ताक, ओल्या मॅट आणि डिकीत मालवणहून आलेलं सुकट जागच्या जागी असतं. खड्डा न बुजवता त्यावर रांगोळी काढावी, तसलं हे काम.

या बटव्यात खाण्याचा सोडा तेवढा कामसू. आंबट वासातल्या आम्लाशी त्याची गाठ पडते आणि वास मंदावतो. कोरड्या मॅटवर रात्रभर भुरभुरायचा, सकाळी व्हॅक्यूमने ओढायचा. कुबटपणाचं माहेर मात्र बहुधा एसीची ओली कॉइल. मुक्कामाच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला की ती वाळते. केबिन फिल्टरही वेळेवर बदलावा. बऱ्याच गाड्यांत तो समोरच्या खणामागे धूळ खात बसलेला असतो.

पण एवढं करून पाहुण्यांना सांगणार काय? ‘फिल्टर बदलला’ या वाक्याला ना परंपरा, ना स्टेटसला टाकण्याजोगा फोटो. लवंगा टोचलेलं लिंबू कसं, झकास दिसतं!