सुभद्रेला झोप का लागली?

गर्भसंस्काराच्या वर्गात अभिमन्यू हमखास भेटतो. पोटात असतानाच चक्रव्यूहात शिरायला शिकला; सुभद्रेला झोप लागली आणि बाहेर पडायची विद्या राहून गेली. बाळाचा धडा अर्धा राहिला, हे आपण पिढ्यान् पिढ्या सांगतोय. पोटुशी सुभद्रा दमली होती का, हे कुणी विचारलं?

शहरात असे वर्ग पुष्कळ. फी भरा, संगीत ऐका, श्लोक म्हणा. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला पोटात आवाज ऐकू येतो, हे खरं. पण त्यानं बाळ हुशार निपजेल, ही हमी कशाच्या जोरावर? गाणं ऐकून आईला बरं वाटतं. तेवढं कारण पुरेसं आहे.

तिचे प्रश्न वेगळेच असतात. कळा खऱ्या की खोट्या, कसं ओळखायचं? पाणी गेलं पण कळा नाहीत, तर थांबायचं का? (नाही. लगेच दवाखाना गाठायचा.) डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, हे 'दिवसांत असं होतंच' म्हणून सोडून द्यायचं का? अजिबात नाही. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते.

ही उत्तरं पाठ असलेली सून मला हवी आहे. आणि सासूसुद्धा.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. देशात १०० पैकी जवळपास ८९ बाळंतपणं दवाखान्यात झाली. जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालं, ते मात्र १०० पैकी ४२ बाळांना. सिझेरियन असतं, बाळंतीण थकलेली असते, मान्य. पण चीक पिळून टाकायचा आणि बाळाला आधी मध चाटवायचा, ही रीत काय थकव्यानं आली?

त्याच सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. 'चहाबरोबर घेऊ नकोस, शौचाला काळी होईल, घाबरू नकोस' हे सांगायला दहा सेकंद लागतात. ते कुणी सांगत नाही. काळी शौच पाहून बाई धसकते आणि गोळ्या फडताळात जातात.

सरकारी वर्ग कुठे भरतो? अंगणवाडीत, जमेल तसा. आशाताई घरोघरी जाऊन जीव तोडून सांगतात, पण सांगायचं कुणाला? ऐकते सून. दवाखान्यात कधी निघायचं ते ठरवतात सासूबाई. गाडीचे पैसे नवऱ्याच्या खिशात.

वर्गात एकटी तीच.

बायका वर्गाला येत नाहीत, अशी तक्रार असते. कशा येतील? सकाळी अकराला ती शेतावर असते, नाहीतर चार घरची भांडी घासत असते. आज गेली तर आजची मजुरी कोण देणार? त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी गाव बदलते, दवाखाना बदलतो, आशाताई बदलतात. शिकवणीची खरी गरज असते, नेमका तेव्हाच धागा तुटतो.

बरं, तिला हक्काचं म्हणून काही सांगतात का? बाळंतपणाच्या वेळी जवळची एक बाई सोबत ठेवता येईल, अशी मुभा केंद्र सरकारनं २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत दिली. आई पाठीवरून हात फिरवत बसली, की कळा सोसायला बळ येतं. तरी किती आया अजून दाराबाहेरच्या बाकावर बसून आतला आवाज ऐकतात?

त्याच वर्षी सुरू झालेल्या सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. रांग लागते, तास जातात. बायका आलेल्या असतात, मजुरी बुडालेलीच असते, सोबतीला बहुतेकींबरोबर घरचं कुणीतरी असतं. याहून चांगला वर्ग कोणता हवा? एक नर्स, एक बाहुली, वीस मिनिटं. बाळाला छातीशी कसं धरायचं ते दाखवा, धोक्याची लक्षणं सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या.

आणि बाहेर मोटारसायकलवर बसून मोबाइल बघणाऱ्या नवऱ्याला आधी आत बोलवा.

९ तारीख दर महिन्याला येते. या वेळी खुर्च्या थोड्या जास्त मांडा.