हायड्रोजन पोचला, टोमॅटो अडकला

जुन्नर-आंबेगावला कुणी मागासलेले म्हणू नये. आमच्याकडे काय नाही? सेमी हायस्पीड रेल्वे आहे, औद्योगिक महामार्ग आहे, आठपदरी उन्नत मार्ग आहे, शिवाय राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरणात आमचाही देशाइतकाच वाटा आहे. यातले बरेचसे अजून जमिनीवर उतरायचे आहे, ही किरकोळ बाब सोडून द्यावी. इतर देशांत आधी रस्ता होतो आणि मग त्यावरून माल जातो. आमच्याकडे आधी घोषणा जाते, तिच्यामागून फ्लेक्स जातो, आणि माल ‘बघू, दरड काढली की सोडू’ म्हणून उभा असतो.

पुणे-नाशिक रेल्वेचेच घ्या. लांबी 235 किलोमीटर, वेग ताशी 200 किलोमीटर, खर्च सोळा हजार कोटींच्या घरात. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही सगळी स्टेशने नकाशावर येऊन बसली. मोजणी झाली, खुणा झाल्या, हरकती झाल्या, जिल्ह्यात काही ठिकाणी खरेदीखतेसुद्धा झाली. स्टेशनाजवळच्या रानांचे भाव तर गाडी सुटण्याआधीच ताशी 200 च्या वर गेले. पारावर वाद रंगायचे, की माणसांची गाडी आधी की मालाची, आणि कांद्याच्या गोण्यांना रिझर्व्हेशन मिळणार का.

आणि मग दुर्बीण दिसली.

खोडदची दुर्बीण म्हणजे काही नाकावर चढवायचा चष्मा नव्हे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, काही खोडदला एकत्र, बाकीच्या तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. गेली तीसेक वर्षे त्या उघड्यावर उभ्या आहेत. एसटीच्या खिडकीतून पहिलीतल्या पोरालाही दिसतात. अवकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपायच्या म्हणून तिच्या आसपास विजेचा कलकलाट चालत नाही, हेही पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट रेल्वेच्या आखणीला आडवी यायला मात्र काही वर्षे जावी लागली. आता केंद्रीय रेल्वेमंत्री सांगतात की दुर्बिणीला बाधा येते, सबब गाडी अहिल्यानगर-शिर्डीच्या अंगाने नेऊ. म्हणजे पुण्याहून नाशिकला जाताना वाटेत साईदर्शन होईल. आम्ही राहिलो बाजूला, तेव्हा आमच्यासाठीही दोन शब्द घाला.

दुर्बिणीला बोल लावायचा नाही. तिचे काम चोख आहे. जानेवारी 2023 मध्ये जाहीर झाले की सुमारे 8.8 अब्ज वर्षांपूर्वी एका दूरच्या आकाशगंगेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश तिने पकडला. संदेश फार अशक्त होता म्हणे, पण वाटेत मधल्या एका आकाशगंगेने आपल्या गुरुत्वाने त्याला वाकवून, मोठा करून पुढे पाठवला. वाटेतल्या मंडळींनी अडवण्याऐवजी मदत केली, असा हा विश्वाच्या मालवाहतुकीतला दुर्मीळ प्रसंग. विश्वाच्या त्या टोकाचा हायड्रोजन खोडदला सुखरूप पोचला. खोडदचा टोमॅटो वाशीच्या बाजारात वेळेवर पोचवायचे शास्त्र तेवढे अजून सापडायचे आहे.

टोमॅटोचा प्रवास नारायणगावच्या उपबाजारातून सुरू होतो. हंगामात दुपारी तिथे जाऊन बघा. मांजरवाडी, हिवरे, पिंपळवंडी, येडगाव, कुठून कुठून पिकअप आणि छोटे हत्ती येऊन रांगेत लागलेले. वीस-वीस किलोची क्रेट थप्पीने उतरतात. व्यापारी येतो, वरच्या दोन-चार टोमॅटोंना अंगठा लावतो, मग हात खाली खुपसून तळातला एक वर काढतो आणि तोंड वाकडे करतो. तोंड वाकडे करणे हा लिलावाचाच भाग आहे, त्याचा टोमॅटोशी संबंध नाही. गाळ्यात बायका रंगावरून निवड करतात. लालबुंद तो मुंबईचा, फिकट, नुकता रंगावर येऊ लागलेला तो दिल्ली-कोलकात्याचा. म्हणजे फळ किती पिकू द्यायचे हे ऊन ठरवत नाही, देशाचे रस्ते ठरवतात. रस्ते सुधारेनात म्हणून बियाणेवाल्यांनी जाड सालीचे वाण काढले, चारशे खड्डे खाल्ले तरी फुटत नाहीत. टोमॅटोची कातडी जाड करणे शक्य झाले, कारण नमुना म्हणून रस्ते-खात्याची कातडी डोळ्यांसमोर होतीच.

गाडी भरली, ताडपत्री आवळली, आता जायचे कुठून? वाशीला दोन वाटा. एक आळेफाट्यावरून माळशेज घाटाने कल्याणला. दुसरी मंचर, खेड, चाकण, तळेगाव करत द्रुतगती मार्गाने. पहिल्या वाटेवर निसर्ग अडवतो, दुसऱ्या वाटेवर प्रगती.

माळशेजला पावसाळ्यात दरड, धुके आणि पर्यटक अशी तिहेरी सोय आहे. दरड कोसळली की वाहतूक थांबते, दरड कोसळली नाही की धबधब्याखाली सेल्फी काढणाऱ्यांसाठी थांबते. शनिवार-रविवारी तर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 61 वर पहिला हक्क कणसाचा आणि कांदाभज्यांचा. त्याच कांद्याचा ट्रक मागे तासभर उभा असतो, पण भजी ही मूल्यवर्धित शेती असल्याने तिला अग्रक्रम. अशा वेळी व्यापारी आणि ड्रायव्हर यांच्यात होणारा संवाद ठरलेला:

“गाडी कुठंय रं?”

“घाटात, शेठ. दरड आलीय.”

“केवढी?”

“जेसीबी आला म्हंजी कळंल. अजून जेसीबीच आल्याला नाही.”

“मग फिरव की गाडी, चाकणवरनं काढ.”

“नको शेठ. तिथंबी हुबंच ऱ्हायचंय. हितं निदान हवा गार हाय.”

ड्रायव्हर चुकीचे बोलत नाही. दुसऱ्या वाटेची कहाणी तशीच आहे. पूर्वी खेड घाटात, मंचरला, नारायणगावच्या वेशीत गाड्या तुंबायच्या. मग बाह्यवळणे झाली. 2021 साली खेड घाटाचे बाह्यवळण सुरू झाले तेव्हा आजी-माजी खासदारांच्या श्रेयाच्या ओढाताणीत त्याचे उद्घाटन दोनदा झाले. एकाच रस्त्याला दोन नारळ फुटले, म्हणजे माल वाहण्याआधी नारळाची उलाढाल दुप्पट झाली. रस्ता झाला हे खरे, आणि चांगला झाला हेही खरे. आता जी गर्दी गाठायला पूर्वी दोन तास लागायचे ती चाकणची गर्दी अर्ध्या-पाऊण तासात गाठता येते. तिथे एकीकडे कारखान्यांचे कंटेनर, दुसरीकडे कामगारांच्या बसेस, आणि मध्ये आमचा टोमॅटो, घामाघूम. त्यावर उपाय म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड असा 30 किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला, किंमत 7,827 कोटी. तो होईपर्यंत टोमॅटोने जरा दम धरावा. त्याची साल आता जाड आहेच.

कांद्याला तरी थांबता येते. आंबेगावात बराखीत भरून ठेवला की दोन-चार महिने तो भावाची वाट बघत बसतो आणि मंचरच्या मार्केटला दहा किलोला काय निघाले याचा कानोसा घेतो. टोमॅटोला, कोथिंबिरीला, मेथीला बराख नाही. त्यांची घाई सरकारला कळत नाही. सरकारला घाई फक्त उसाची कळते, कारण उसाला चेअरमन असतो. गाळप सुरू झाले की पारगाव आणि शिरोलीच्या वाटांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रीचे निघतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर पाचटाखाली. पुढे टेपरेकॉर्डर मात्र जोरात, म्हणजे दिसले नाही तरी ऐकू यावे, एवढी सुरक्षिततेची काळजी घेतलेली असते.

कुणी म्हणेल, भाजी रेल्वेने का पाठवत नाही? पाठवली असती की! 7 ऑगस्ट 2020 रोजी देशातली पहिली किसान रेल सुटली, ती देवळाली ते दानापूर. फळे-भाजीपाल्याला भाड्यात निम्मी सूट. नारायणगावच्या शेतकऱ्याने फक्त एवढेच करायचे होते, की आपला माल ट्रकमध्ये भरून नाशिकपर्यंत न्यायचा, तिथे उतरवायचा, पुन्हा चढवायचा, आणि मग रेल्वेने वाचवलेल्या पैशातून ट्रकचे भाडे द्यायचे. पुढे अनुदान आटले तशा गाड्याही आटल्या. देशाच्या एकूण मालात रेल्वेचा वाटा आज चौथ्या हिश्श्याच्या आसपास रेंगाळतो आहे आणि राष्ट्रीय रेल्वे योजनेप्रमाणे 2030 पर्यंत तो 45 टक्के व्हायचा आहे. आमचा त्यात अडथळा नाही. आमच्या दोन्ही तालुक्यांत रुळाचा तुकडाही नसल्याने आम्ही कुणाची टक्केवारी बिघडवत नाही.

पण निराश होण्याचे कारण नाही, कारण खर्च कमी झाला आहे! कुठे, ते सांगतो. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरण आले. तेव्हा सांगत, की आपल्याकडे माल हलवण्याचा आणि साठवण्याचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या 13-14 टक्के आहे आणि तो एक आकडी करायचा आहे. मग 2023 च्या डिसेंबरात तज्ज्ञांनी नीट हिशेब मांडला, तर 2021-22 चा खर्च 7.8 ते 8.9 टक्केच निघाला. म्हणजे धोरण जाहीर होण्याच्या सहा महिने आधीच धोरणाचे उद्दिष्ट गाठून झाले होते. आधीचा आकडा अंदाजपंचे होता, नवा मोजून काढलेला आहे, हे तज्ज्ञ प्रामाणिकपणे सांगतात. सभांमधून मात्र 14 वरून 8 वर आलो एवढेच सांगितले जाते आणि टाळ्या पडतात. ट्रक तोच, घाट तोच, डिझेल तेच, पण खर्च निम्म्यावर. माळशेजची दरड अशी पेनाने उचलता आली असती तर जेसीबीची वाट बघावी लागली नसती.

आमच्या पूर्वजांना ही कला अवगत नव्हती. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. त्या लोकांनी काय केले, तर डोंगर फोडून फरसबंदी वाट काढली, पाण्याची टाकी खोदली, थकल्या-भागल्यांना टेकायला लेणी कोरली. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगतात. राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांत किती गायी, किती हत्ती, किती नाणी दान दिली याचे आकडे दगडात कोरलेले आहेत. दगडातला आकडा पुढच्या वर्षी ‘सुधारित’ करता येत नाही, ही त्या पद्धतीतली मोठी त्रुटी. आज ती दूर झाली आहे. फास्टॅगमुळे रांजण भरल्याचा आवाजसुद्धा येत नाही, आणि ड्रायव्हरला टेकायला लेणे नसले तरी रस्त्याच्या कडेला स्वतःच्या ट्रकखालची सावली आहेच.

गमतीचा भाग सोडू. एक साधा हिशेब बघा. घाटात गाडी अडकते, माल रात्रीऐवजी सकाळी वाशीला पोचतो, तोवर तिथला बाजार उतरलेला असतो. तोटा कुणाचा? ट्रकवाला भाडे सोडत नाही, सोडणार तरी कशातून, त्याचे हप्ते आहेत. व्यापारी दोन दिवस पदरचे घालतो आणि तिसऱ्या दिवशी लिलावात वीस-तीस रुपये कमी बोलतो. “मागची गाडी लेट झाली ना, दादा!” मुंबईतले गिऱ्हाईक किलोमागे तेच पैसे देते, बरेचदा जास्तच. दरड माळशेजला पडते आणि पैसे मांजरवाडीतल्या खिशातून जातात. देशभर कुठेही काहीही तुंबो, त्याची वसुली शेवटी अशीच खाली उतरत येते. ह्या एका वाहतुकीला मात्र आजवर कुठल्या घाटाने, कुठल्या नाक्याने आणि कुठल्या चौकाने मिनिटभरही अडवलेले नाही.

2023 च्या मे महिन्यात ह्याच भागात लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, भाव तोडणीलाही पुरेना. जुलैत क्रेट दोन हजारांच्या वर गेले. त्या महिन्यात मात्र एकही गाडी वाटेत हरवली नाही, सगळे फोन लागत होते, आणि उशिराची सबब कुणाच्या तोंडी नव्हती. म्हणजे देशाला टोमॅटो वेळेवर नेता येतो. फक्त त्यासाठी तो सोन्याच्या भावाने जावा लागतो.

म्हणून माझी एकच मागणी आहे, आणि तिला ना जमीन लागते ना भूसंपादन. बाजारात शेतकऱ्याला जी पट्टी मिळते तिच्यावर भाडे, हमाली, तोलाई असे रकाने असतात. त्यात आणखी चार छापावेत: ‘दरड’, ‘चाकण’, ‘न आलेली रेल्वे’ आणि ‘दुसरे उद्घाटन’. पैसे तसेही कापलेच जातात, निदान कशाचे कापले ते लिहून द्या. मग येत्या निवडणुकीत रेल्वे पुन्हा मंचर-नारायणगावला आली, आणि ती येणारच, की व्यासपीठावरच्या मंडळींना हार घालायच्या आधी वर्षभराच्या पट्ट्यांची पिशवी पुढे ठेवता येईल. म्हणावे, साहेब, ही थकबाकी. आधी एवढी चुकती करा, मग पुढचा नकाशा उघडा.