पाइप सुटण्याचे शास्त्र : नवशिक्यांसाठी

विद्याधर भट्टाचार्यांनी १७२७ मध्ये जयपूर आखलं. त्यांच्या नावाच्या विद्याधर नगरचा आराखडा १९८०च्या दशकात बाळकृष्ण दोशींनी केला. रस्ते, चौक, ऊन, सावली, सगळं बघितलं गेलं. बागेचा नळ आणि पाइप यांचा सांधा तेवढा तुमच्या हाती राहिला.

सुरुवात दुसऱ्याला दोष देण्यापासून करावी. ‘कोणी ओढला पाइप?’ हे मोठ्यानं विचारलं की निम्मं काम झालं. मग शाखा निवडा. चिंधी गुंडाळून वर सुतळीच्या गाठी मारणं ही पारंपरिक शाखा, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधणं ही प्रगत. दोन्हींचे पदवीधर ओल्या पायजम्यातच घरात शिरतात.

एवढं करूनही पाइप निसटला, तर नाइलाजानं खरं काम करावं लागेल. जयपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उन्हात पडलेला पीव्हीसी पाइप मऊ होतो आणि त्याचं तोंड जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखं सैलावतं. ते पुन्हा आवळत नाही. दोन बोटं तुकडा सरळ कापून टाका. (तिरका कापाल. सगळेच कापतात. पुन्हा कापा.) आता होज क्लिप आधी पाइपावर चढवा. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण पाइप जोडून झाल्यावर क्लिप खिशात सापडते. तोंड मिनिटभर गरम पाण्यात बुडवा, कनेक्टरच्या सगळ्या खाचा झाकेपर्यंत दाबून बसवा आणि क्लिप त्या खाचांवर आणून स्क्रू आवळा. जोर दाखवू नका, पट्टी पाइपात रुतते.

सांधा सुटत नसून नुसता ठिबकत असेल, तर क्लिपवर राग काढू नका. आतला रबरी वॉशर वाळला असेल. तो दहा-वीस रुपयांत मिळतो, पण आपण नवा कनेक्टर आणतो.

आणि घरात प्रेशर पंप असेल तर थोडं गणित. दुमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी अर्ध्या इंची सांध्याला जेमतेम किलोभर जोरानं ढकलतं. पंप ३ बारचा असेल तर हाच जोर चार किलोंच्या आसपास जातो. पाइपाच्या टोकाची स्प्रे गन बंद करून तुम्ही चहाला जाता, तेव्हा हे चार किलो सांध्यावर बसलेले असतात.

तेव्हा गन बंद केलीत की नळही बंद करा. हे पाणी बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून, शंभर किलोमीटरहून लांबून येतं. ते अंगणाच्या फरशीसाठी येत नाही.