शँपेनकाका आणि बटाटेवडा

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठलंही स्टेशन घ्या. तिथून दहा मिनिटांच्या रिक्षेवर एक तरी शँपेनकाका राहतातच. पन्नाशी उलटलेली, फ्लॅटचे हप्ते फिटलेले, मुलगी परदेशात. शनिवारी कसारा घाट चढून नाशिक गाठायचं, गंगापूर धरणाच्या बाजूला ‘सुला’ वायनरीत वाइन टेस्टिंगचा तास करायचा आणि रविवारी बाटल्यांच्या खोक्याबरोबर एक नवं शास्त्र घरी आणायचं, ही त्यांची मुंज. मग सोसायटीत कुणाकडेही काही तळलं जात असलं, की काका विचारणारच, “ह्याच्याबरोबर पेअर काय करताय?” समोरचा ‘चहा’ म्हणाला, की वाईट रिपोर्ट हातात पडलेल्या डॉक्टरासारखे ते क्षणभर गप्प होतात. लोक या शास्त्राला हसतात, आणि तिथेच चुकतात. शास्त्र पक्कं आहे. हसायचंच असेल तर काकांचा स्वतःच्याच शास्त्रावर विश्वास बसत नाही, याला हसावं.

शास्त्र फार अवघड नाही. ‘ब्रूट’ म्हणवणाऱ्या बाटलीत लिटरमागे 12 ग्रॅमहून कमी साखर असते, आंबटपणा चांगला खणखणीत असतो आणि वर बुडबुडे. तळणीच्या तेलाचा जिभेवर जो थर बसतो तो आंबटपणा कापतो, बुडबुडे जीभ मोकळी करतात आणि पदार्थातल्या मिठामुळे वाइनचा आंबटपणाही सौम्य लागतो. म्हणजे बटाटेवडा, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, रवा लावून तळलेले बोंबील, झालंच तर घाटकोपरचं तिखट नसलेलं फरसाण, हे सगळे या पेयाचे हक्काचे सोबती. काकांना हे तोंडपाठ आहे. पण पाहुणे आले, की टेबलावर काय येतं? परदेशी चीजचे टूथपिक टोचलेले चौकोन, डबाबंद ऑलिव्ह आणि कशाचीच चव नसलेली क्रॅकर्स. काकूंनी तळलेल्या कोथिंबीर वड्या ओट्यावर झाकणाखाली वाफ धरून मऊ पडत असतात, कारण “त्या जेवणात घेऊ, आधी प्रॉपर पेअरिंग होऊ दे!” ज्या पदार्थासाठी बाटली उघडायची, तोच स्वयंपाकघरात अडकून पडतो.

यावर आक्षेप येतात, आणि ते टाकाऊ नाहीत. पहिला तिखटाचा. अल्कोहोल आणि बुडबुडे दोन्ही तिखटाची आग वाढवतात, तेव्हा वड्याबरोबरची लसणीची चटणी आणि तळलेली मिरची बाजूलाच ठेवावी लागते. तेवढा त्याग करायची तयारी नसेल, तर ताकाला पर्याय नाही. दुसरा गोडाचा. श्रीखंड किंवा पुरणपोळीपुढे ब्रूट नुसती आंबट लागते. तिथे लिटरमागे 32 ते 50 ग्रॅम साखरेची ‘डेमी-सेक’ हवी. शिवाय आपल्या ताटात वरण, कोशिंबीर, लोणचं आणि जिलबी एकाच वेळी शेजारी नांदतात, त्या सगळ्यांशी एका ग्लासाचं पटणं अशक्य. पण यातून पेअरिंग खोटं ठरत नाही, फक्त वेळ ठरते: जेवणाआधीची, संध्याकाळच्या खाण्याची. तिसरा आक्षेप शेजारच्या जाणकारांचा, की ही मुळात शँपेनच नाही. नावापुरतं खरं आहे. ते नाव फ्रान्समधल्या शँपेन प्रांताचं, आणि नाशिकच्या बाटलीवर ‘स्पार्कलिंग वाइन’ एवढंच छापलेलं असतं. पण दुसऱ्यांदा बाटलीतच आंबवण्याची मूळ रीत महाराष्ट्राला नवी नाही. 1980च्या दशकातच शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने अशी वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशात विकली. वड्याचं तेल कापायला आंबटपणा लागतो, फ्रान्सचा रहिवासी दाखला लागत नाही.

उरला शेवटचा आक्षेप, की हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. असतीलही. पण ज्या चहासाठी काकांना हसायचं, तोही गेल्या शतकात फुकट कप वाटून आणि जाहिराती करूनच आपल्या घराघरांत शिरला. भज्यांशी त्याचं नातं काही वेदकाळापासूनचं नाही. काकांचा खरा दोष वेगळा आहे. बाटली त्यांनी मटारच्या पाकिटाशेजारी ठेवून नीट आठ-दहा अंशांपर्यंत गार केलेली असते, पण ओतल्यावर ते ग्लास दिव्यासमोर धरतात आणि बुडबुड्यांच्या आकारावरून द्राक्षांच्या जातीवर, जातीवरून दिंडोरीच्या मातीवर घसरतात. तोवर फेस बसतो, वाइन कोमट होते आणि वडी चिवट होते. या पेयाचं काकांच्या भाषणाशी मात्र कधीच जुळत नाही. तेव्हा काकांनी तोंड वडीसाठीच उघडावं, आणि काकूंनी पहिला घाणा थेट टेबलावर आणावा.