दुरुस्तीवाले

पनवेलच्या टपाल नाक्याजवळ स्कूटरवरून जाणारं एखादं पन्नाशी ओलांडलेलं जोडपं नीट पाहा. पुढे तो, मागे ती आणि तिच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. हार्डवेअरच्या दुकानात ते पुडकं उलगडतं आणि आतून आजेसासऱ्यांच्या काळातला पितळी कोयंडा निघतो. "अगदी असाच हवा." दुकानदार आधी कोयंड्याकडे पाहतो, मग या दोघांकडे आणि मुकाट्याने स्टीलचा अल्ड्रॉप पुढे सरकवतो. नवरा म्हणतो, "चालेल." ती म्हणते, "चालणार नाही." एवढ्यावरून ओळखावं, हे दुरुस्तीवाले.

ही जमात आता पनवेलात विरळ होत चालली आहे. १८५२ सालची नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी जवळच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. ज्या कौलारू घरांकडे वर्षानुवर्षं मांजरांखेरीज कुणी फिरकत नव्हतं, त्यांच्या ओटीवर बिल्डरची माणसं पेढ्यांचा पुडा घेऊन बसू लागली. शहाणी माणसं कार्पेट एरिया विचारतात, भाडं ठरवतात आणि सामान हलवतात. दुरुस्तीवाले पेढे खातात आणि "विचार करून सांगतो" म्हणतात. विचार त्यांनी कधीच करून ठेवलेला असतो. फक्त दोघांचा वेगवेगळा.

बाहेरच्यांना वाटतं, वाडवडिलांच्या घरावर जीव त्याचा आणि बिचारी ती धूळ खाते आहे. माझ्या पाहण्यात नेहमी उलट. तो त्या घरात जन्मलेला. जुलैच्या रात्री अंथरूण कुठून कुठे सरकवायचं, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं. रात्री कंदील घेऊन परसातल्या संडासाकडे जाताना किती वेळा विंचवाला वाट दिली, हे त्याच्या पायांना आठवतं. ती वाढली डोंबिवलीच्या दोन खोल्यांत. लग्न होऊन आली तेव्हा माजघर, फडताळं, झोपाळा आणि मागचं परस पाहून तिला वाटलं, हे सगळं आपलं! सासूबाईंनी मात्र हयातभर मोझॅकच्या फरशीचा ध्यास घेतला होता. सुनेने शेणाची जमीन परत आणायचा विषय काढला, तेव्हा त्या हयात नव्हत्या हे बरंच झालं.

तिचा सगळा अभ्यास चुन्याचा. गवंड्याला ती यादी देते: विरवलेला चुना, गूळ, बेलफळ, हिरडा. हिरडा वाचून गवंडी थबकतो. १८७२ पासून ज्या गावात धूतपापेश्वरची औषधं बनतात, तिथेही भिंतीला काढा पाजायची कल्पना नवीन असते. "वहिनी, सिमेंट मारतो, दोन दिवसांत मोकळे." मग ती त्याला ओटीवर बसवून समजावते. जुनी भिंत चुन्यात बांधलेली. ती पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार बाहेर फुटतात, लोणा लागतो आणि गिलाव्याची पापडी हातात येते. पुरावा शेजारीच असतो, सासऱ्यांनी मोठ्या हौसेने सिमेंट केलेली भिंत. तिच्याकडे बोट दाखवून ती म्हणते, "मीठच पिकवायचं असतं तर मिठागर नसतं का घेतलं?" गवंडी मान डोलवतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही.

त्याचा अभ्यास एकाच विषयाचा, घराच्या आत बाथरूम. "वारसा तुझा, गुडघे माझे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. रविवारी ती त्याला जुनी घरं दाखवायला नेते. शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांच्या वाड्यात सगळे क्रांतिवीरांना हात जोडतात. हीही जोडते आणि लगेच चौकट बोटाने वाजवून बघते. तो बाहेर उभा राहून फोनवर कमोडचे भाव विचारतो.

कौलं उतरवायची वेळ आली की काम थांबतं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि मंगलोरी कौल कोकणभर पसरलं, हे तिने कुठेतरी वाचलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक कौल पालथं करून कारखान्याचा छाप वाचणं आलं. मजूर तेवढ्यात चहा घेतात. मजुरी चालूच असते आणि तो ती मनातल्या मनात मोजत असतो. "पत्रा टाकू," असं तो म्हणतो. त्यानंतर त्या घरात संध्याकाळपर्यंत भांड्यांशिवाय कुणी बोलत नाही.

दुरुस्तीसाठी लागणाऱ्या सह्यांचं प्रकरण तर विचारू नका. प्रॉपर्टी कार्डावर सहहिस्सेदार चुलते, आत्या आणि त्यांची परदेशी गेलेली मुलं असतात. वर्षानुवर्षं घरपट्टीचा एक रुपया न दिलेला चुलतभाऊ सहीसाठी बोलावल्यावर पहिल्यांदा "आमचा झोपाळा कुठाय?" असं विचारतो.

गंमत येते ती जूनमध्ये. चुना, हिरडा, छाप वाचून परत चढवलेली कौलं असं सगळं शास्त्रशुद्ध झालेलं असतं आणि पहिल्याच सरीला माजघरात टपटप सुरू होते. ती हताश होऊन पातेली शोधू लागते. तेव्हा इतके महिने घर विकायच्या गोष्टी करणारा तो उठतो, कोपऱ्यातली काठी घेतो आणि आतून नेमकं एक कौल दोन बोटं वर सरकवतो. टपटप बंद! पाणी पडतं तिथलं कौल फुटलेलं नसतं, चूक त्याच्या वरच्या रांगेत असते, हे कुठल्याही व्हिडिओत न सापडणारं ज्ञान त्याने लहानपणी ओल्या गोधडीत मिळवलेलं असतं. ती काही बोलत नाही. तो मात्र पुढचे चार दिवस, कुठे गळत नसतानाही, काठी घेऊन घरभर हिंडतो.

अशांच्या घरी जायचा योग आला तर थोडी पथ्यं पाळा. भिंतीला टेकू नका, चुना ओला असतो. "काम कधी संपणार?" असं विचारू नका, दोघं दोन तारखा सांगतील आणि तुमच्यादेखत भांडतील. "एवढ्या पैशात करंजाड्याला टू बीएचके आला असता," हे वाक्य तर चहाबरोबर गिळूनच टाका. तो हिशेब त्याने कधीच केलेला आहे, तिला सांगितलेला नाही. बाथरूमचं कौतुक त्याच्यापाशी करा, चुन्याचं तिच्यापाशी. उलट चुकूनही करू नका.