तूर्तास तुमचेच

निन्टेन्डोच्या शिस्तीला दाद द्यावी तेवढी थोडीच. २०२० मध्ये थ्रीडीएस या हातात धरायच्या गेम कन्सोलचे उत्पादन थांबले, मार्च २०२३ मध्ये त्याच्या ई-शॉपमधली विक्री आणि एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळ. पोरांचे खेळ इतक्या टप्प्याटप्प्याने बंद करणे कुठल्या आईबापाला जमले असते? शिवाय आधी पैसे मोजून घेतलेले गेम पुन्हा डाउनलोड करायची मुभा आहेच, तूर्तास! हे औदार्य बिल्डरांनीही दाखवावे: फ्लॅट विकावा, काही वर्षांनी जिना काढून न्यावा, आत असलेल्यांना सुखाने राहू द्यावे. कॅलिफोर्नियाने तेवढा रसभंग केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे असा डिजिटल माल विकताना ‘हा फक्त परवाना आहे’ असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे लागते. सांगून झाले, की परवाना काढून घेता येतो.